संकासुराची पंधरा मिनिटं

पहाटे साडेपाच. दहिसर पश्चिमेच्या एका शाळेच्या मैदानात मांडववाल्याची पोरं बांबूंना कापड बांधतायत. नारळांच्या पोत्यावर कानटोपी घालून आमचे खजिनदार बसलेत. मला बघताच म्हणतात, "भटजी कितक्या वाजता येतत तां माका सांगू नको. स्पीकरचो परवानो खय आसा?"

परवाना माझ्या खिशात आहे. त्यावर रात्री दहापर्यंतची मुभा लिहिली आहे आणि आजचा अख्खा दिवस त्या दहापासून मागे मोजत आखलेला आहे. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळाचं आज वार्षिक स्नेहसंमेलन. सकाळी सत्यनारायण, दुपारी हळदीकुंकू, चार वाजता मुलांचा गुणगौरव आणि संध्याकाळी दशावतार. गावच्या जत्रेत दशावतार मध्यरात्रीच्या सुमाराला उभा राहतो आणि उजाडता दहीकाला फोडून संपतो. इथे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस गणपती, नवरात्र असल्या मोठ्या सणांना जातात. एका गावच्या मंडळाच्या वाट्याला ते कुठून येणार? नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मैदानाच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत आणि तिथे दहावीची मुलं अभ्यास करतायत. पण अख्ख्या रात्रीचा खेळ चार तासांत बसवायचा तर काहीतरी कापावं लागतं. काय कापायचं, हाच दरवर्षीचा वाद.

सातला दशावतारी कंपनीची गाडी आली. जानेवारी म्हणजे त्यांचा भर हंगाम. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत जवळजवळ रोज रात्री खेळ असतो. मुंबईसाठी त्यांनी कालची रात्र मोकळी ठेवली आणि संध्याकाळीच गाव सोडला. पेटारे उतरले, पायपेटी उतरली, पखवाज दोन माणसांनी जपून धरून आणला. नटमंडळी पाचवी अ च्या वर्गात सतरंज्या टाकून आडवी झाली. कंपनीचे मालक तेवढे जागे राहिले. चहाचा पेला हातात घेऊन त्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचली आणि एकच प्रश्न केला, "संकासुराक कितको टायम?"

"पंधरा मिनटां."

"पंधरा मिनटांत तो मरात. हसवत कदी?"

ज्यांनी दशावतार बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुख्य आख्यानाच्या आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासुर. अंगभर काळा वेष, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. शेवटी विष्णू त्याला मारतो, पण तोपर्यंत मैदान त्याचंच असतं. देवबीव छापील मराठीत बोलतात, हा बोलतो मालवणीत. पुढे बसलेल्या पोरांच्या अंगावर धावून जातो, गावच्या सरपंचाची टिंगल करतो, कोणाच्या घरचा वाद कोर्टात गेलाय तेही बोलून टाकतो आणि त्याला कोणी अडवत नाही. संहिता नावाची गोष्ट दशावतारात नसतेच. संध्याकाळी मालक आख्यान सांगतात, भूमिका वाटतात, संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. म्हणून घाईत सगळ्यात आधी मरतो तो संकासुर. राजाची लढाई दहा मिनिटांत उरकता येते, टिंगलीला मात्र वेळ लागतो.

आठपासून स्वयंपाक. आचारी फक्त भात आणि शिरा करतो, बाकीचं बायका कोणाच्या हाती देत नाहीत. काळे वाटाणे काल दुपारीच भिजत घातलेले आहेत. भाजक्या खोबऱ्याचं वाटण दहिसर-बोरिवलीच्या घराघरांतून डब्यांतून आलंय. प्रत्येक डब्याचा रंग वेगळा, कारण प्रत्येक घरचं खोबरं भाजण्याचं मत वेगळं. ते सगळं एका टोपात एकत्र होतं. त्यावरून थोडी कुरबुर होते आणि सांबारं दरवर्षी चांगलंच होतं. वड्यांचं पीठ गावाहून दळून आणलेलं, थोडं जाडसर, आत मेथी-धण्याचा वास. सोलकढीसाठी आगळाच्या बाटल्या. एक काकी विरारहून पहाटेच्या गाडीने एकट्या आल्यात, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी वडे थापायला घेतले आणि बाराला हात धुतले.

सांगण्यासारखी गोष्ट अशी की मंडळाच्या वहीत ह्या काकींचं नाव नाही. वर्गणी घरटी असते आणि घराच्या पुढे पुरुषाचं नाव. काका गेल्यावर मुलाचं नाव लागलं. मुलगा पुण्याला असतो आणि गेल्या काही वर्षांत इकडे फिरकलेला नाही. सासरी गेलेल्या मुलींचं तर नावच नाही, त्या वडे खायला पाहुण्या म्हणून येतात. ह्याबद्दल सभेत बोलायला हवं.

साडेनऊ. पूजेआधी गाऱ्हाणं. गावात गाऱ्हाण्याचा मान ठरलेल्या घराचा. दहिसरला तो, ज्याला पाठ आहे त्याचा. आमचे सगळ्यात वयस्क मामा मैदानाच्या कोपऱ्यात पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, पुढे नारळ, पान, विडा. गावचा रवळनाथ झाला, सातेरी झाली, वाटेवरचे राखणदार झाले. मग कोणी सांगितलेलं नसताना त्यांनी दहिसरच्या भाटलादेवीचंही नाव घेतलं. ज्या जमिनीवर उभे आहोत तिथल्या देवाला डावलायचं नाही, हा गाऱ्हाण्याचा नेमच आहे. मग मागणं: पोराबाळांना नोकऱ्या, अडलेली लग्नं, कोर्टातले दावे, आणि "रात्री धा वाजेपर्यंत काय इघ्न येव नये." सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा". मांडववाल्याची उत्तर प्रदेशची पोरंही.

दहा ते साडेअकरा मैदान अर्धं रिकामं. रविवारचा जंबो ब्लॉक. भाईंदर, नालासोपारा, विरारची घरं अडकून पडलेली. दहिसर हे मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं पश्चिम रेल्वेचं शेवटचं स्टेशन आणि आमची निम्मी माणसं त्याच्याही पलीकडे राहतात. पलीकडे कशी गेली, त्याची कथा नवीन नाही. आजोबांची पिढी लालबागच्या चाळीतल्या गावकीच्या खोलीत राहिली. भिंतीवर खुंट्यांना ट्रंका, जमिनीवर वळकट्या. दिवसपाळीवाला गेला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा. जेवण खानावळीत. त्या खोलीच्या भाड्याचा हिशोब ठेवायला जी वही घातली, तेच आमचं मंडळ. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. कोणी गाव गाठला. कोणी संसार उचलून, जिथे खोली परवडली तिथे उत्तरेकडे सरकला, आधी कांदिवली-दहिसर, मग खाडीपलीकडे. मामा सांगतात तेव्हा ह्यात कसलीही हळहळ नसते. "खोलयेत ढेकूण होते," एवढंच म्हणतात.

एक वाजता पंगती. त्याबद्दल काही लिहीत नाही, पोट भरलेल्या माणसाने लिहूही नये. फक्त एक तंटा नोंदवतो. दरवर्षी एक जण सुकी मासळी विकायला आणतो आणि पूजेचा दिवस म्हणून त्याला फाटकाबाहेर बसवतात. सगळ्यात जास्त धंदा तोच करतो.

दोन ते चार हळदीकुंकू. रथसप्तमी अजून व्हायची आहे, म्हणून आजचा रविवार धरला. मंडपात वाण लुटलं जातंय आणि मंडळाचं खरं काम बाजूच्या टेबलावर चाललंय. तिथे गणपतीच्या तिकिटांच्या याद्या होतात. २९ ऑगस्ट २०२४ पासून वांद्र्याहून बोरिवली-वसईमार्गे मडगावला आठवड्यातून दोनदा गाडी सुटते. त्याआधी पश्चिम उपनगरातल्या माणसाला गावी जायचं तर पहिला प्रवास बहुधा दादरचा किंवा पनवेलचा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ साली धावली, आम्हाला आमच्या बाजूची नेहमीची गाडी मिळायला पाव शतक लागलं. आगाऊ आरक्षण आता साठ दिवसांवर आलंय, म्हणून कोणी कुठल्या दिवशी सकाळी मोबाइल घेऊन बसायचं ते इथेच ठरतं. त्याच टेबलावर एका आजारी माणसाच्या ऑपरेशनसाठी पाकीट फिरतं, गावच्या शाळेच्या छपराचा हिशोब वाचला जातो आणि दोन आया आपापल्या मुलांच्या पत्रिका एकमेकींच्या पर्समध्ये सरकवतात. गेल्या वर्षी मंडळातलं एक म्हातारं माणूस भगवती रुग्णालयात गेलं. रात्री दीडला गाडी ठरवून देह गावी पोचवला तो ह्याच टेबलावरच्या फोन-यादीने. ह्याचा फोटो स्मरणिकेत येत नाही.

चार वाजता गुणगौरव. मुलांची नावं पटापट वाचली, मुलं पटापट येऊन गेली. ती शहाणी आहेत. अडचण मोठ्यांची. पत्रिकेत सत्काराची नावं मोजकी होती. साडेचारला आजी-माजी पुढारी येऊ लागले, त्यांच्याबरोबर त्यांचे कार्यकर्ते, मग जाहिरात देणारे बिल्डर, मग कोणाचे तरी साडू. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो आणि "दोन शब्द". दोन शब्दांत गावाचं नाव चुकीचं उच्चारायलाही वेळ पुरतो. सहाला सुरू व्हायचा खेळ, सहा वाजता माइकवर एक पाहुणे संस्कृतीचं जतन का करावं हे सांगत होते. पडद्यामागे ब्रह्मदेव दाढी लावून घाम पुसत उभा.

आमच्या एका घरची मुलगी नोकरीसाठी ग्लासगोला आहे. ती सांगते, तिथले स्कॉटिश लोकही ह्याच दिवसांत जमतात. रॉबर्ट बर्न्स हा त्यांचा कवी, जन्म २५ जानेवारी १७५९, आणि त्याच्या नावाने जगभर जिथे जिथे ते पांगलेत तिथे जेवणावळ होते. बॅगपाइपच्या सुरात हॅगिसचं ताट येतं, बर्न्सनेच त्या पदार्थावर लिहिलेली कविता म्हणता म्हणता सुरीने तो कापतात. भाषणं तिथेही असतात, पण प्रत्येक भाषणाची जागा आणि विषय ठरलेला, मुख्य भाषण कवीबद्दल. पाहुण्याबद्दल नव्हे. मला स्कॉटलंडचं एवढंच काय ते घेण्यासारखं वाटलं.

सात वाजून दहा मिनिटांनी नांदी. आता मागे मोजायला काही उरलंच नव्हतं. मालकांनी पडद्याआड बोटांवर हिशोब केला. गणपती ठेवला, ऋद्धी-सिद्धीचा नाच अर्ध्यावर आणला, सरस्वती आणि ब्रह्मदेव एकत्रच बाहेर काढले. संकासुर आला. पुढे बसलेली पोरं किंचाळली, मागची मोबाइल घेऊन उभी राहिली. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' चित्रपट आल्यापासून कॉलेजातली पोरं हे मोबाइलवर टिपून घेतात. चांगलंच आहे. संकासुराने एका पाहुण्याच्या शालीवर हात ठेवला, "ही खयच्या दुकानातली? सगळ्यांका एकच कशी?" अख्खं मैदान हसलं, पाहुणेही हसले. पुढचं वाक्य तोंडात होतं तेवढ्यात झांज वाजली, विष्णू आला आणि संकासुर मेला. घड्याळात बघितलं, अकरा मिनिटं. कबूल केलेली पंधराही त्याला मिळाली नाहीत.

आख्यान मात्र रंगलं. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ, तेच अरण्य. स्त्रीपार्टीच्या नटाने विलापाचं पद असं म्हटलं की वडे थापणाऱ्या काकी पदर तोंडाला लावून बसल्या. ट्रिकसीन आम्ही मुद्दाम घेतला नव्हता. धूर आणि दिव्यांनी पोरं टाळ्या देतात, पण तेवढ्यात नटाचं बोलणं बुडतं, असं माझं मत. मंडळात सगळ्यांचं तसं नाही.

नऊ पन्नासला दहीकाल्याची हंडी फुटली. उजाडता फुटायची ती. दहाला दोन मिनिटं असताना साउंडवाल्याने स्वतःच बटण दाबलं. साडेदहाला पाचवी अ चा वर्ग झाडून दिला, पेटारे चढले, कंपनी निघाली. उद्या रात्री त्यांचा खेळ कुडाळ तालुक्यात आहे. तिथे दहाला तर पेटारेही उघडत नाहीत.

मंडळाची वार्षिक सभा महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी आहे. मी दोन ठराव मांडतोय. एक, सत्काराची सगळी नावं स्मरणिकेत छापावीत, शाल घरपोच पाठवावी, मंचावर फक्त मुलांना बोलवावं आणि वाचलेला पाऊण तास संकासुराला द्यावा. दोन, वर्गणीच्या वहीत घरातल्या बाईचं आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचंही नाव लागावं, मताच्या हक्कासकट. दुसऱ्या ठरावाला विरारच्या काकींनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय, पण वहीत नाव नसल्यामुळे त्यांची सही चालणार नाही. तेव्हा वहीत ज्यांचं नाव आहे अशांपैकी कोणीतरी सभेला वेळेवर यावं.