उंदराचं यकृत आणि ताईचा काढा

आठ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला क्षयाची औषधं सुरू झाली. ही औषधं यकृताला जड जातात, हे मी ऐकून होतो. म्हणून रोज सकाळी तिला गुळवेलीचा काढा द्यायला लागलो. पाचव्या आठवड्यात तिचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी औषधं थांबवली आणि विचारलं, "आणखी काही घेता का?" ताईनं माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून वनौषधींच्या अर्कांवरचे शोधनिबंध वाचतो आहे. कुटकी, भुईआवळी, पुनर्नवा. नाव बदलतं, साचा बहुधा तोच. उंदरांना आठवडाभर अर्क पाजायचा, मग पॅरासिटामॉलचा भलामोठा डोस. यकृतात या औषधाच्या थोड्या भागाचं विषारी द्रव्य बनतं. ग्लुटाथायोन त्याला निकामी करतं. ते संपलं की पेशी मरतात आणि त्यांतलं एसजीपीटी रक्तात उतरतं. अर्कवाल्या उंदरांत ते कमी चढलं की वनस्पती 'यकृतरक्षक' ठरते.

पण अर्कानं नेमकं काय केलं? विष बनवणारं एन्झाइमच अडवलं असेल, तर यकृत बळकट झालं नाही, औषधाची वाट बदलली. क्षयाच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण असं बदललं तर जंतूंचं काय? शिवाय जबर डोसानं जवळपास प्रत्येक उंदराचं यकृत बिघडतं. आयसोनियाझिडनं ते नेहमीच्या डोसावर थोड्याच माणसांचं बिघडतं, आणि कुणाचं ते आधी सांगता येत नाही. मात्रेचंही तसंच. उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम म्हणजे, आकारमानाचा हिशेब करून सहानं भागलं तरी, 50 किलोच्या माणसाला तीन ग्रॅमहून जास्त कोरडा अर्क. तोही पुष्कळदा मिथेनॉलमध्ये काढलेला. आमच्या पातेल्यातल्या काढ्याशी त्याचं नातं लांबचं.

मूत्रपिंडासाठी हाच प्रयोग जेंटामायसिन देऊन होतो. तिथे मला ब्रसेल्स आठवतं. वजन घटवायला चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं 1993 मध्ये प्रसिद्ध झालं. एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली होती.

सगळंच फोल नाही. विषारी अळंबी खाल्लेल्यांना युरोपात सिलिबिनिन शिरेतून देतात. ते एका काटेरी झाडाच्या बियांतून मिळतं, पण शुद्ध केलेलं, मोजलेलं असतं.

गुळवेलीबद्दल 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती छापली. ती घेतल्यावर यकृताला इजा झाली होती. वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. आक्षेप रास्त वाटला, पण मग माझ्या कुंपणावरची वेल तरी कोणी ओळखून दिली होती? पुढच्याच वर्षी अनेक रुग्णालयांतले मिळून 43 रुग्ण नोंदले गेले.

ताईची औषधं नंतर एकेक करून परत सुरू झाली. काढा बंदच राहिला. औषधं सोसली. त्यावरून दोष काढ्याचाच होता असं ठरत नाही. दुसऱ्यांदा ती पुष्कळांना सोसतात. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली होती, आणि काढा मी दिला होता.