माहेर आणि प्रसूतिगृह

भंडारा शहराचें रेल्वे-स्थानक शहरांत नाहीं. तें वरठीला आहे, आणि नांव मात्र ‘भंडारा रोड’. या स्थानकावर दिवस भरत आलेली एखादी लेक वडिलांबरोबर गाडींतून उतरतांना दिसली, तर ती कोठें चालली हें कोणाला विचारावें लागत नाहीं. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा आपला जुना शिरस्ता. बाळंतिणीला औषधपाण्याइतकीच आपल्या माणसांची, आपल्या भाषेची व ओळखीच्या अन्नाची गरज असते, हें त्यांतील मर्म.

भंडाऱ्याजवळून वाहणारी वैनगंगा पुढें दक्षिणेस गडचिरोली जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून जाते. तेथील रानांत राहणाऱ्या गोंड व माडिया स्त्रीलाही हेंच हवें असतें. परंतु दवाखान्याची पायरी चढतांना पुष्कळदां तिला तें बाहेर ठेवावें लागतें. सोबतची आई दाराशीं थांबते, प्रश्न येतात ते परक्या भाषेंत. मग ती घरींच राहते, आणि आपण शहरांत बसून तिला अडाणी म्हणतों.

घरीं राहण्यांतला धोका मात्र खरा आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कांहीं तासांत प्राण घेऊं शकतो. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा रस्ता तुटतो. वेणा सुरू झाल्यावर मग वाहन कोठून येणार? तेव्हां ‘त्यांना त्यांच्या रीतीनें राहूं द्या’ एवढें म्हणून आपली सुटका होत नाहीं.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत ‘सर्च’ ही संस्था काढली. रुग्णालय कसें असावें, हें त्यांनीं आदिवासींनाच विचारलें. लोक म्हणाले कीं, पांढरें वस्त्र आम्ही प्रेतावर घालतों. तें ल्यालेलीं माणसें जीव कसा वांचविणार? शिवाय आजाऱ्याच्या नातलगांना तुम्ही बाहेर कां काढतां? म्हणून शोधग्राम येथील रुग्णालय झोंपड्यांच्या वस्तीसारखें बांधलें गेलें, नातलगांना तेथें जागा मिळाली, आणि त्याला दंतेश्वरी देवीचें नांव दिलें गेलें.

जें घरींच होणार, तें सुरक्षित करण्याचा मार्गही येथेंच सांपडला. ३९ गांवांत स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकविलें. बाळ उबेंत ठेवणें, श्वास अडल्यास उपाय करणें, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणें हें त्यांचें काम. तिसऱ्या वर्षीं तुलनेच्या गांवांच्या मानानें नवजात अर्भकांच्या मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं उतरलें. हा निष्कर्ष १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्र शासनानेंही २०१०-११ पासून आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ गर्भवतींच्या निवासाची योजना सुरू केली. प्रसूतीच्या कांहीं दिवस अगोदर लहान मुलें व सोबतीण घेऊन स्त्रीनें तेथें राहावें. योजनेचें नांव ‘माहेरघर’! नांव तर नेमकें सुचलें; तें सार्थ करणें तेथील माणसांच्या वागण्यावर आहे.

कॅनडाच्या उत्तरेस इनुइट स्त्रियांना प्रसूतीसाठीं विमानानें शेंकडों मैल दूर, एकट्या पाठवीत असत. १९८६ सालीं पुविर्निटुक येथें स्थानिक सुइणींना शिकवून प्रसूतिगृह निघालें आणि जन्म पुन्हा गांवांत आला. प्रसूतीच्या वेळीं स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं केली. आपल्या आज्यांना ती सांगावी लागली नसती.

आदर म्हणजे प्रत्येक रूढीची पूजा नव्हे. पाळी आलेल्या स्त्रीनें वस्तीबाहेरच्या कुर्माघरांत राहावें, ही चाल तिच्या प्रकृतीला घातकच ठरते. पण ती चाल सोडा, असें सांगण्याचा अधिकार विश्वास मिळविल्यावर येतो.

आपल्यापैकीं कोणाचा मुलगा डॉक्टर, कोणाची मुलगी परिचारिका होऊन उद्यां त्या भागांत रुजू होईल. त्यांना निरोप देतांना एवढेंच सांगावें: प्रथम माडियाचे चार शब्द शीक, आणि दाराशीं उभ्या असलेल्या आईला आंत घे.