चांद्याच्या परकोटाभोवती एक पायी फेरी

एखादे शहर पाहणे आणि एखाद्या शहरातून जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आगगाडीतून उतरावे, वाहनात बसावे, देवदर्शन करावे, बाजारात चार वस्तू घ्याव्यात आणि सायंकाळच्या गाडीने परतावे, एवढ्याने शहर पाहिले असे आपण म्हणतो खरे. पण ते शहर आपल्याशी एक शब्दही बोललेले नसते. शहर बोलते ते पायी चालणाऱ्याशी, आणि तेही त्याची भाषा जाणणारा कोणी सोबतीला असेल तरच. आज मी आपणांस अशाच एका शहरात घेऊन जाणार आहे. ते म्हणजे गोंड राजांची राजधानी चांदा, म्हणजेच आजचे चंद्रपूर.

नावापासूनच आरंभ करू. सरकारदरबारी आता चंद्रपूर हेच नाव रूढ आहे. परंतु शहरातील एका रेल्वे स्थानकावर अद्यापि ‘चांदा फोर्ट’ अशी पाटी दिसते. फोर्ट म्हणजे किल्ला. मात्र डोंगरमाथ्यावरचा किल्ला मनात धरून येणारा प्रवासी येथे चकतो, कारण चांद्याचा किल्ला गावाजवळ नाही, तर गावच किल्ल्यात आहे. इरई आणि झरपट या दोन नद्यांमधील भूमीवर वसलेल्या जुन्या वस्तीला दगडी परकोटाने सर्व बाजूंनी वेढा घातला आहे. चार दरवाजे आणि पाच खिडक्या असा त्याचा थाट. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे. आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसाण या पाच खिडक्या. येथे खिडकी म्हणजे घराची खिडकी नव्हे. तटातून माणसाने ये-जा करावी असे ते लहान दार होय.

आमचे वाटाडे होते एक निवृत्त शिक्षक. जन्माने गोंड, वय सत्तरीच्या पुढे, हातात काठी, डोक्यास पांढरा रुमाल. पहाटे जटपुरा दरवाज्याशी भेट ठरली होती. ‘सेवा जोहार’ म्हणून त्यांनी हात जोडले आणि मी घड्याळाकडे पाहताच हसून म्हणाले, ‘‘घाई नका करू जी. चांद्याची भिंत पाचशे वर्षे उभी आहे. आपल्यासाठी अजून चार घटका थांबेल.’’ एवढ्या पहाटे बोलावण्याचे कारणही त्यांनी सांगितले. वैशाखात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, आणि दुसरे म्हणजे दिवस वर आला की त्या दरवाज्यातून वाहनांची अशी रीघ लागते की मान वर करून पाहण्यास उसंतच मिळत नाही.

मान वर करावी असे तेथे आहे तरी काय? दरवाज्याच्या दर्शनी भागावर एक शिल्प आहे. बलाढ्य सिंह हत्तींवर मात करीत आहे असा तो देखावा. हे गोंड राजांचे राजचिन्ह होय. दररोज हजारो माणसे त्याच्याखालून जातात. आमचे गुरुजी म्हणाले, ‘‘मी शाळेत मुलांना विचारत असे की दरवाज्यावर कोणता प्राणी आहे. अर्धी मुले वाघ म्हणत, उरलेली गप्प बसत. मग साऱ्या वर्गाला घेऊन येथे येत असे.’’ या एका वाक्याने मला त्यांच्या वाटाडेपणाचे मर्म कळले. वाटाड्याचे काम माहिती सांगण्याचे नव्हे, कारण ती पुस्तकातही सापडते. जे रोज डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही ते दाखविणे हे त्याचे खरे काम.

जटपुऱ्याहून पूर्वेकडे वळून आम्ही बगड खिडकीपाशी तटावर चढलो. तटबंदी वाचावयाची कशी याचा पहिला धडा तेथे मिळाला. भिंतीची उंची सुमारे पंधरा ते वीस फूट. दगड याच मुलखातील वाळूचा, पिवळसर, तांबूस छटांचा. माथ्यावरून पहारेकऱ्यांना फिरता यावे म्हणून ठेवलेली वाट ती फांजी. बाहेरच्या अंगाला दातऱ्यांसारख्या दिसतात त्या चर्या, भिंतीतील मारगिरीची छिद्रे त्या जंग्या आणि ठायी ठायी पुढे आलेले गोल बुरूज. बुरूज पुढे का काढावयाचा? सरळ भिंतीच्या अगदी पायथ्याशी येऊन चिकटलेला शत्रू वरून दिसत नाही. पुढे आलेल्या बुरुजावरून मात्र त्याच्यावर दोन्ही बाजूंनी नजर ठेवता येते. आतल्या बाजूस रामाळा तलावाचे पाणी चमकत होते. वेढा पडला तर तटाच्या आत पाणी हवे, ही गोष्ट नगर वसविणाऱ्यांनी विसरू दिली नव्हती.

हे नगर वसविले कोणी? परंपरा सांगते की पंधराव्या शतकात बल्लारपूरला राज्य करणाऱ्या खांडक्या बल्लाळशहाने. राजाच्या अंगावर खांडुके होती, म्हणून त्याला हे नाव पडले. शिकारीत तहानेने व्याकूळ झालेल्या राजाने झरपटीच्या पात्रातील एका कुंडाचे पाणी प्यायले, त्याच पाण्याने तोंड धुतले आणि त्याची व्याधी नाहीशी झाली. तेच अचलेश्वराचे स्थान. पुढे त्याच परिसरात कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. हे नवल ऐकून चतुर राणी म्हणाली, जेथे ससा कुत्र्याला पळवितो ती भूमी वीरांची. ससा ज्या मार्गाने धावला त्याच मार्गाने तट बांधावा. त्या चंद्रासारख्या ठिपक्यावरून नाव पडले चांदा.

कथा सांगून झाल्यावर गुरुजींनी आपण होऊनच पुस्ती जोडली, ‘‘ही आमची गोष्ट आहे, दस्तऐवज नव्हे. दोन्ही ऐका, पण एकाच पोत्यात भरू नका.’’ श्रोतेहो, वाटाड्याची खरी कसोटी ती हीच. एक प्रकारचा वाटाडा प्रत्येक दगडाला चमत्कार चिकटवितो. दुसरा लोककथेला हसून ती टाकून देतो. तट एका राजाच्या हयातीत झाला नाही, त्याचे बांधकाम पुढील पिढ्यांनी तडीस नेले, हे इतिहास सांगतो. हीच भूमी राजधानीसाठी का निवडली, या प्रश्नाला लोकांच्या मनाने दिलेले उत्तर मात्र सशाच्या कथेत आहे. दोन नद्यांमधील सुरक्षित जागा आणि जवळच गोड्या पाण्याचे कुंड एवढा अर्थ तिच्यातून गाळून घेतला तरी ती व्यर्थ नाही.

तटाच्या कडेने पुढे गेल्यावर अचलेश्वर दरवाजा लागतो. त्याच्याजवळच अचलेश्वराचे देवालय आणि गोंड राजांच्या समाधी आहेत. त्यांतील सर्वांत भव्य समाधी राजा बीरशहाची. ती बांधली त्याच्या राणीने, हिराईने. अठराव्या शतकाच्या प्रारंभी पतीच्या पश्चात दत्तक पुत्र रामशहाच्या नावाने तिने राज्याचा कारभार पाहिला, आणि येथून नजीकचे महाकालीचे देवालयही तिच्याच काळातील मानले जाते. चैत्रात महाकालीची जत्रा भरते तेव्हा नांदेड-परभणीकडून व तेलंगणातून यात्रेकरूंचे लोंढे येतात आणि झरपटीच्या काठावर मुक्काम करतात. त्यांतील बहुतेकजण देवीचे दर्शन घेऊन परततात. जिने देवालय बांधले तिने आपल्या पतीसाठी उभारलेली समाधी तेथून किती जवळ आहे, हे त्यांना सांगणारा कोणी भेटत नाही.

तेथून वाहनाने बाबूपेठ-लालपेठ भागात जाऊन आम्ही उघड्या माळावर पडलेल्या प्रचंड पाषाणमूर्ती पाहिल्या. रायप्पा नावाच्या एका कोमटी व्यापाऱ्याने शिवालयासाठी त्या घडविण्यास आरंभ केला आणि ते काम अपुरेच राहिले, अशी आख्यायिका आहे. त्यांतील दहा तोंडांच्या एका भव्य मूर्तीला गावचे लोक रावण म्हणतात. ‘‘लहानपणी आम्हीही या रावणाच्या पोटावर बसून बोरे खात होतो,’’ गुरुजी सांगू लागले. ‘‘मोठेपणी वाचले, तेव्हा कळले की ही दशमुखी दुर्गा आहे. त्या रात्री मला झोप आली नाही जी.’’ हे सांगताना ते हसत होते. मात्र मूर्तीजवळून निघताना त्यांनी वाकून नमस्कार केला.

परत येऊन पठाणपुरा दरवाज्याशी आलो. पावसाळ्यात इरई-झरपट फुगल्या की पुराचे पाणी या बाजूच्या वस्तीत शिरते आणि दरवाज्यापर्यंत येऊन भिडते. शत्रूसाठी बांधलेली भिंत शतकांनंतर पुराला आडवी येते, हे जुन्या बांधकामाचे आजही चालू असलेले कार्य होय. शत्रूपुढे मात्र ती अभेद्य ठरली नाही. १७५१ मध्ये गोंडांचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या इंग्रजी फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडून शहर घेतले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदाही इंग्रजांच्या अमलाखाली आला.

बिनबा दरवाजा पाहून आम्ही शेवटी कारागृहापाशी आलो. जेथे गोंड राजांचा वाडा होता, तेथे इंग्रजांनी तुरुंग केला. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. मोलमपल्ली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. १९८२ मध्ये वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात तो अहेरीकडचा मुलूख आज मोडतो. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावांना येथे फाशी देण्यात आले. ज्या पिंपळाशी ही स्मृती जोडलेली आहे, तेथे सकाळपासून अखंड बोलणारे गुरुजी एक शब्दही बोलले नाहीत. रुमाल काढून ते काही वेळ उभे राहिले, आणि मीही उभा राहिलो. आपल्याच राजांच्या वाड्यात आपल्याच माणसाला फाशी जाताना पाहिलेल्या समाजाचा एक वारस माझ्या शेजारी उभा होता. कोणत्याही पाटीवर हे लिहून कळले नसते.

येथे सहज परदेशाची आठवण होते. व्हिएतनाममध्ये ह्वे नावाचे शहर आहे. १८०२ पासून १९४५ पर्यंत ते न्गुयेन राजघराण्याची राजधानी होते. तेथेही नदीकाठी सुमारे दहा किलोमीटर घेराची तटबंदी आहे आणि तटाच्या आत आजही माणसे नांदतात. युद्धांत त्या शहराची फार हानी झाली. तथापि १९९३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याला स्थान मिळाले, आणि तटावर घरे बांधून राहिलेल्या हजारो कुटुंबांना दुसरीकडे वसविण्याचे काम २०१९ पासून हाती घेण्यात आले. जगभरचे प्रवासी तेथे स्थानिक वाटाड्यासह पायी हिंडतात. जुनी भिंत आणि आजचा संसार यांची सांगड घालण्याचा प्रश्न केवळ चांद्याचाच नाही, हे यावरून दिसते.

चांद्याच्या तटावरही घरे टेकली, झुडपे माजली, कचरा साठला. परंतु २०१७ पासून बंडू धोत्रे व त्यांच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी दिवसामागून दिवस श्रमदान करून तट व बुरूज मोकळे केले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी आपल्या नभोवाणीवरील भाषणात त्यांचा उल्लेख केला. झुडपांखाली हरवलेली फांजी त्यामुळे पुन्हा चालण्याजोगी झाली, आणि मोकळ्या झालेल्या तटावरून लोकांच्या पायी फेऱ्या निघू लागल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. भिंत एकदा स्वच्छ करून भागत नाही. पावसाळा सरला की झुडपे पुन्हा उगवतात. ज्या वाटेवर रोज पावले पडतात तेथे मात्र ती उगवत नाहीत. तेव्हा चालणे हेच तटाचे खरे संरक्षण होय.

निरोपाच्या वेळी मी संकोचाने मानधनाचा विषय काढला. गुरुजींनी तो मध्येच तोडला. ‘‘पैसे राहू द्या. चार दरवाजे आणि पाच खिडक्यांची नावे म्हणून दाखवा, म्हणजे माझी बिदागी पोचली.’’ मी आरंभ केला: जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा, बगड, हनुमान, विठोबा, चोर... आणि पाचवीपाशी अडलो. ‘‘मसाण,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘हीच सगळे विसरतात. पण शेवटी कामाला येते ती तीच.’’

श्रोतेहो, आपण चांद्याला जाल तेव्हा एक दिवस राखून ठेवा. दिवाळीनंतरच्या थंडीत जा, सूर्य उगवण्यापूर्वी निघा आणि तेथे जन्मलेल्या कोणाला तरी बरोबर घ्या. आणि जे आपल्याच गावात राहतात त्यांना माझे एकच विचारणे आहे: उद्या कोणी परका आपल्या दारी येऊन म्हणाला, ‘मला तुमचे गाव दाखवा,’ तर आपण त्याला काय दाखवाल? आपल्या गावच्या खिडक्यांची नावे आपणांस येतात काय?