स्वच्छ दिसणारे पाणी

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावर शेंद्रा लागते. या परिसरात शेते, विहिरी व विस्तीर्ण औद्योगिक वसाहत ही आता शेजारी शेजारी नांदत आहेत. गोड्या पाण्याचा पाठ शिकविण्यास असे गाव फार सोयीचे होय.

पृथ्वीवरील पाण्याचे शंभर भाग कल्पिल्यास सुमारे साडेसत्त्याण्णव भाग खारे भरतात. उरलेल्या अडीच भागांतील दोन-तृतीयांशाहून अधिक बर्फरूपाने गोठलेले आहे आणि बाकीचे बहुतेक जमिनीच्या पोटात आहे. शेंद्र्याच्या विहिरी याच अखेरच्या हिश्शावर चालतात.

परंतु मराठवाड्याच्या भूमीखाली काळा कातळ आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. साठा तोकडा, म्हणूनच चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वाळूच्या थरातून झिरपणारे पाणी पुष्कळसे गाळले जाते, भेगेतून वाहणारे मात्र तसे गाळले जात नाही. वरच्या अंगास शोषखड्डा, उकिरडा किंवा सांडपाण्याचे डबके असल्यास त्यातील घाण थेट विहिरीत उतरू शकते. विहिरीत वा ओढ्यात दूषित द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास 1974 च्या जलप्रदूषणविषयक कायद्याने बंदी आहे. ती कारखानदारास लागू आहे, तशीच गावकऱ्यासही.

जंतूंवर टी.सी.एल. भुकटीचा उपाय चालतो. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले की गावकरी निर्धास्त होतात; पण तो रंग केवळ क्लोरीन शिल्लक असल्याचे सांगतो. खते व मैला यांपासून येणारे नायट्रेट त्याने जात नाही. पाणी उकळल्यास वाफ निघून जाते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या पुढे ते गेल्यास पाणी पिण्यास अयोग्य ठरते. तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्यामुळे क्षीण होते. याचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो.

वर्गात हे पटविण्यास मूठभर माती व मीठ पुरे. दोन्ही एका तांब्यात कालवून पाणी चौपदरी फडक्यातून गाळावे. माती बरीचशी अडकते, पाणी निवळ दिसते. मुलांनी बोट बुडवून चाखले की खारटपणा कायम. अर्थात याकरिता पाणी पिण्याचेच घ्यावे. नंतर शाळेच्या विहिरीभोवती फिरून, वरच्या अंगास काय काय आहे ते मुलांकडून नकाशावर मांडवून घ्यावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर हाच फेरा पुन्हा घेतल्यास पाणी कोणत्या बाजूने विहिरीकडे धावते, ते त्यांना प्रत्यक्ष दिसते.