तीन बोटं तोंडात

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्यात आषाढ लागला की मूर्तींच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. रात्रीही ट्यूबलाइट चालू, स्प्रेगन चालू, आणि कित्येकांच्या ओठाआड तंबाखूचा बार. “त्याशिवाय जागरण होत नाही,” एवढंच स्पष्टीकरण. अशाच एका कारखान्यात मुखतपासणी चालली होती. डॉक्टरबाईंकडे कपाळावरची बॅटरी, लाकडी पट्टी, गॉज आणि हातमोजे. यंत्रसामग्री म्हणाल तर एवढीच.

आधी चूळ. मग ओठ उलटून आतली बाजू, गाल, दाढांमागचा कोपरा, टाळू. जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा पाहायच्या, मग जिभेखालची जागा. पांढरा चट्टा दिसला की पुसून बघायचा. गेला नाही तर नोंद. लाल, मखमली चट्ट्याचं भय जास्त. मावा-सुपारीवाल्याच्या गालात दोरीसारखे पट्टे बोटाला लागतात. शेवटी, तोंड किती उघडतं ते बघायला, “काका, तुमची तीन बोटं उभी घाला तोंडात.” मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या काकांची दोनच गेली.

चुना रोज त्याच जागी गाल भाजतो, सुपारी ओरखडते, तंबाखूतली रसायनं पेशींच्या डीएनएवर घाव घालतात. दुरुस्तीला पांढऱ्या पेशी धावतात, सूज येते. एकदाची जखम असती तर काम उरकून त्या पांगल्या असत्या. इथे जखमच रोजची. पेशी पुन्हा पुन्हा विभागतात, चुका साचतात, आणि सुजेतली वाढीची द्रव्यं त्या बिघडलेल्या पेशींनाही पोसतात. पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ विर्खोंना १८६३ मध्येच कॅन्सरच्या गाठींत पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. हॅरल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये गाठीला न भरणारी जखम म्हटलं.

“मॅडम, टेन्शनने कॅन्सर होतो का?” हे तिथेही विचारलं गेलं, आणि रोह्याला धाटाव एमआयडीसीत पाळी सुटल्यावरच्या शिबिरातही. ताण लांबला की सूज आवरण्याचा कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा हुकूम पेशी जुमानेनाशा होतात. ताणाच्या संप्रेरकांनी उंदरांतल्या गाठी जोमाने पसरलेल्या दिसल्या आहेत. माणसांत मात्र पुरावा तोकडा. युरोपातल्या सुमारे १,१६,००० जणांच्या एकत्रित अभ्यासात (२०१३) कामाच्या ताणाचा मोठं आतडं, फुप्फुस, स्तन आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. तोंडाचा कॅन्सर त्यात नव्हता. पुरावा इतका तोकडा असताना ‘मनाला फार लावून घेतलंस’ असं रुग्णालाच ऐकवणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येतो. ताण आला की हात डबीकडे जातो, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. बायकांच्या रांगेत डबीत मशेरी, एवढाच फरक. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. पुड्या कुठून येतात हे विचारायचं नसतं.

काकांच्या डाव्या गालात एक फोड होता.

“कधीपासून?”

“झाले दोनेक महिने.”

“तीन आठवड्यांत भरायला हवा होता. तुकडा काढून तपासावा लागेल.”

“गणपती जाऊ द्या, मग येतो.”

बाईंनी थेट मालकाला हाक मारली. तो कुरकुरला, आखणीला दुसरा हात नाही म्हणाला. मग स्वतःच हिशेब मांडला: सोमवारी टेम्पो पनवेलला मूर्ती सोडायला जाणार, पुढे खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात काकांना उतरवता येईल. बाईंनी चिठ्ठीच्या मागे त्याचाही मोबाइल नंबर लिहून घेतला आणि पुढच्याला चूळ भरायला सांगितलं.