वरच्या मजल्यावरचा आवाज : कारणे आणि उपाय

वरच्या फ्लॅटमधून येणारा आवाज दोन प्रकारचा असतो. टीव्ही, गाणी, भांडण यांचा आवाज हवेतून येतो. खुर्ची ओढणे, खलबत्त्यात कुटणे, मुलांची पळापळ यांचा आघात थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि तिथून भिंतींत पसरतो. स्लॅबवर थेट बसवलेल्या कडक टाइल्स हा आघात जवळजवळ शोषतच नाहीत. त्यामुळे खाली फॉल्स सीलिंग बसवूनही फरक थोडाच पडतो, कारण भिंतींची वाट मोकळीच राहते.

खरा उपाय वरच्या घरात असतो आणि तो स्वस्तही असतो. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या चकत्या, वॉशिंग मशीन आणि घरघंटीखाली जाड रबरी पॅड, मुलांच्या खेळण्याच्या जागी जाड सतरंजी. कुटताना खलबत्त्याखाली पोत्याची घडी ठेवली तरी ठोके बरेच मऊ होतात.

आधी शांतपणे बोलावे. नेमकी वेळ आणि आवाज सांगावा. अनेकदा वरच्यांना खाली काय ऐकू येते याची कल्पनाच नसते. फरक न पडल्यास तारखा-वेळांची नोंद जोडून सोसायटीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा. इतर सभासदांना उपद्रव होईल असे वर्तन करण्यास सोसायटीचे आदर्श उपविधी मनाई करतात.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. रात्रीच्या मोठ्या गोंगाटासाठी 112 वर पोलिसांकडे तक्रार करता येते. रोजच्या वावराच्या आवाजावर मात्र सामंजस्य आणि रबरी पॅड हेच अधिक टिकाऊ उपाय ठरतात.