कोपलस्टन व रसेल : एका वादाची रीत

उपासना संपल्यावर मंडळीतील एखादा शिकलेला तरुण पाळकांस एकांतात गाठतो आणि म्हणतो, “देव आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.” अशा वेळी आपण बहुधा दोहोंपैकी एक करतो. आवाज चढवून त्याला गप्प करतो, नाही तर “प्रार्थना कर, सर्व ठीक होईल” म्हणून विषय बदलतो. काही महिन्यांनी त्याची जागा रिकामी दिसू लागते आणि आपण कॉलेजच्या शिक्षणाला दोष देऊन मोकळे होतो. ही गोष्ट मनात सलत असल्यामुळेच एक जुना संवाद धर्मसेवकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

२८ जानेवारी १९४८ रोजी बी. बी. सी. च्या ‘थर्ड प्रोग्रॅम’ या केंद्रावरून देवाच्या अस्तित्वाविषयी एक वाद प्रसारित झाला. एका बाजूस जेज्वीट धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन, वय चाळीस. दुसऱ्या बाजूस बर्ट्रांड रसेल, वय पंचाहत्तर. आपण ख्रिस्ती का नाही, हे रसेल यांनी १९२७ च्या व्याख्यानात जाहीरपणे सांगून टाकले होते. कोपलस्टन यांचे चुलते कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप होते. स्वतः ते मात्र अठराव्या वर्षी रोमन कॅथलिक झाले. म्हणजे श्रद्धेवरून घरच्यांशी मतभेद होणे काय असते, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आपल्याकडील नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा पक्ष मोडायचा ती वितंडा. लंडनचा हा संवाद पहिल्या प्रकारात बसतो, तो त्याच्या आरंभामुळे. कोपलस्टन यांनी प्रथम व्याख्या ठेवली: देव म्हणजे जगाहून भिन्न, जगाचा निर्माता असा परम व्यक्तिरूप पुरुष. रसेल यांनी ती मान्य केली. मग कोपलस्टन यांनी विचारले, देव नाही हे सिद्ध करता येते असे आपले म्हणणे आहे काय? रसेल म्हणाले, तसे नव्हे, आपली भूमिका अज्ञेयवाद्याची आहे. जो आपल्या दाव्याची मर्यादा प्रथमच सांगून टाकतो, त्याला वितंडवादी कसे म्हणावे? आमच्या व्यासपीठांवरून ‘नास्तिक’ या एका शब्दाने सर्वांस हाकलले जाते. समोरचा नेमके काय नाकारतो, हे विचारण्याचे कष्ट आम्ही घेत नाही.

मुख्य मुद्दा परावलंबी अस्तित्वाचा. जगातील प्रत्येक वस्तू आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे; तेव्हा ज्याचे कारण त्याच्या ठायीच आहे असे काही असलेच पाहिजे, असे कोपलस्टन यांचे म्हणणे. रसेल यांचे उत्तर असे की, ‘अनिवार्य’ हे विशेषण विधानांना लागते, वस्तूंना नव्हे. आणि प्रत्येक माणसाला आई असते म्हणून साऱ्या मानवजातीला एक आई असली पाहिजे असे होत नाही. कोपलस्टन यांनी लगेच खुलासा केला की, ते साखळीतील आणखी एक कडी शोधत नव्हते. साखळी मुळात का आहे, हे विचारत होते. हा भेद सूक्ष्म आहे, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात तो बहुधा हरवतो. “घड्याळाला घड्याळजी, जगाला देव” एवढ्यावर थांबणाऱ्यांस रसेल यांची आई सहज पकडील. शेवटी रसेल यांनी, विश्व आहे एवढेच म्हणता येते, असे सांगून प्रश्नच नाकारला. तेव्हा कोपलस्टन म्हणाले की, पटाशी बसण्यासच नकार देणाऱ्यावर मात करता येत नाही. वाक्य चटकदार आहे आणि प्रवचनकारांस ते आवडेल. पण पट मांडलेलाच नाही असे ज्यास मनापासून वाटते, त्याची यात थोडी उपेक्षा होते, असे आमचे मत आहे.

नीतीच्या चर्चेत मात्र रसेल अडचणीत आले. बेल्सेनच्या छळछावणीच्या अधिकाऱ्याला दोषी ठरवण्यास भावनेपलीकडे कोणती कसोटी आहे, असा प्रश्न आला. महायुद्ध संपून तीन वर्षेही झाली नव्हती. रसेल यांनी रंगांधळ्याचे उदाहरण दिले: तो अल्पसंख्य आहे म्हणूनच आपण त्याला चुकीचा म्हणतो. मग असे अधिकारीच बहुसंख्य झाले तर? रसेल यांनी या प्रश्नाची धार लपवली नाही, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण.

आमचे पाय ज्या ठिकाणी थबकले तो भाग धार्मिक अनुभवाचा. मनुष्य बदलतो एवढ्यावरून त्याची श्रद्धा खरी ठरत नाही, असे रसेल म्हणाले. लायकर्गससारख्या, कदाचित कधी होऊनही न गेलेल्या पुरुषाचे चरित्र वाचूनही तरुण सुधारू शकतो. दारू सुटली, संसार सावरला, म्हणून देव आहे, ही साक्ष आम्ही किती सभांत पुरावा म्हणून मांडली आहे! साक्ष खरी असते; पुराव्याचे ओझे तिच्यावर आम्ही लादतो. कोपलस्टन यांनी ते लादले नाही. या अनुभवाला त्यांनी काटेकोर सिद्धता म्हटले नाही, त्याचे सर्वांत योग्य स्पष्टीकरण देव हे आहे एवढेच म्हटले. उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, असे सांगणारा पेत्र त्याच वचनात सौम्यतेची अट घालतो (१ पेत्र ३:१५). तिचा अर्थ गोड बोलणे एवढाच आम्ही करीत आलो. जेवढे हाती आहे तेवढेच मांडणे, हाही तिचा अर्थ असावा.

त्या दिवशी कोणी कोणाचे मत बदलले नाही. रसेल १९७० साली वारले; अखेरपर्यंत ते अश्रद्धच राहिले. पण १९६६ साली कोपलस्टन यांच्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा आठवा खंड प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकात रसेल यांचे नाव आहे आणि त्यांच्या विचारांना तीन प्रकरणे दिली आहेत. ती वाचताना, हा लेखक या माणसाशी वाद घालून बसला होता, हे पानोपानी आठवत राहते. कारण कोठेही त्यांचे म्हणणे वाकवलेले आढळत नाही.